राजाची पारख : छत्रपती शाहू आणि तीन पेशवे

इसवी सन १७२७ चा नोव्हेंबर महिना. पावसाळा सरला, नद्या उतरल्या आणि थोरले बाजीराव पेशवे आपले घोडदळ घेऊन जालना परगण्यात शिरले. कुंडलिकेच्या काठावरील जालना आणि पलीकडच्या तीरावरील कादराबादची पेठ, म्हणजेच आजचे नवीन जालना, हा निजामाच्या मुलखातील सधन टापू होता. निजाम-उल्-मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानाने येथे किल्ला बांधला, त्याला अवघी दोन वर्षे झाली होती. बाजीरावांनी जालना आणि सिंदखेडचा परगणा लुटला, निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी झटापट केली आणि तो पाठीवर येण्याच्या आतच ते पुढे निघून गेले. याच जालन्यावर अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, १६७९ च्या नोव्हेंबरात, शिवछत्रपती स्वतः चालून आले होते. आता त्यांचा नातू गादीवर होता. मात्र तो जालन्यात नव्हता. छत्रपती शाहू महाराज साताऱ्याकडे होते आणि त्यांच्या गादीचा निकाल त्यांनी निवडलेला सत्तावीस वर्षांचा एक तरुण दूरच्या मुलखात घोडी दौडवून लावू पाहत होता.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी कोणाला सोबत घेतले, यावरून त्याच्या विवेकाचे मोजमाप करण्याची रीत आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४४ च्या निवडणुकीत हॅरी ट्रूमन यांना घेतले आणि पद स्वीकारून तीन महिनेही झाले नाहीत तोच, १२ एप्रिल १९४५ रोजी, ट्रूमन यांच्यावर साऱ्या देशाचा भार येऊन पडला. उमेदवाराची भाषणे लोक विसरतात. त्याने शेजारी उभा केलेला माणूस मात्र पुढे वर्षानुवर्षे कारभार करीत राहतो. मराठ्यांच्या इतिहासात ही कसोटी ज्यांना सर्वाधिक लागू पडते ते शाहू महाराजच होत. १७०७ मध्ये तेही एका अर्थाने उमेदवारच होते. गादीवर त्यांचा हक्क होता, पण ताबा दुसऱ्यांचा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शाहू म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज येतात. ते विसाव्या शतकातील. येथे प्रस्तुत आहेत ते शिवछत्रपतींचे नातू, संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र, साताऱ्याचे थोरले शाहू.

त्यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी कोकणात माणगावजवळील गांगवली येथे झाला. वडिलांची औरंगजेबाने हत्या केली तेव्हा, मार्च १६८९ मध्ये, त्यांना सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि आईसह ते मोगलांच्या हाती लागले. पुढची सुमारे अठरा वर्षे बादशाही छावणीत गेली. छावणी हलेल तिकडे हलायचे, तंबूत वाढायचे, सणवार परक्यांच्या नजरेखाली करायचे. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने या मायलेकरांवर माया केली असे परंपरा सांगते. त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब होती, परंतु स्वातंत्र्य नव्हते. पुढे ज्या गुणामुळे त्यांचे नाव झाले, त्याची मुळे याच काळात असावीत असे वाटते. तलवार गाजविण्याची संधी त्यांना मिळाली नाही. कोण खरा आपला, कोण नुसता गोड बोलतो आणि कोणाच्या शब्दावर विसंबून झोपता येईल, एवढेच ओळखत राहणे त्यांच्या वाट्याला आले. कैद्याला दुसरे शस्त्र नसते.

औरंगजेब १७०७ च्या आरंभी आजच्या अहिल्यानगरजवळ भिंगारच्या छावणीत मरण पावला. शहाजादा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे धावला आणि शाहूंनाही सोबत घेऊन गेला. माळव्यात दोराह्याजवळ मे महिन्यात त्याने त्यांना सोडले. त्यामागे औदार्य थोडे आणि हिशेब मोठा होता. शाहू दक्षिणेत गेले की ताराबाई आणि त्यांच्यात कलह माजेल आणि मराठे आपसांत गुंततील, हा तो हिशेब. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या.

पंचवीस वर्षांचा हा राजपुत्र मूठभर लोकांनिशी दक्षिणेकडे निघाला. वाटेत परसोजी भोसले, नेमाजी शिंदे यांच्यासारखे सरदार येऊन मिळाले. औरंगाबादकडील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडील पारद गावी मात्र पाटलाने विरोध केला. चकमकीत पाटील मारला गेला. तेव्हा त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल शाहूंच्या पालखीत टाकले. शाहूंनी ते मूल स्वतःचे म्हणून वाढविले आणि त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. अक्कलकोटच्या भोसले राजघराण्याचा मूळ पुरुष तो हाच. शत्रूच्या घरातला माणूस आपला करण्याची ही वृत्ती शाहूंच्या आयुष्यात वारंवार आढळते. कधी ती फळाला आली, कधी अंगाशी आली.

साताऱ्यात ताराबाईंनी त्यांना तोतया ठरविले. ज्या बाईने पती राजाराम महाराजांच्या पश्चात सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली, तिने छावणीत वाढलेल्या मुलाच्या स्वाधीन राज्य का करावे, हा प्रश्न अगदीच गैरवाजवी होता असे म्हणता येत नाही. सरदारांकडून दूधभातावर शपथा घेण्यात आल्या. सेनापती धनाजी जाधव शाहूंवर चालून गेले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेड येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा धनाजी शाहूंच्या बाजूला आले. हे घडवून आणण्यात त्यांच्या पदरच्या एका कारकुनाचा मोठा वाटा होता. तो कारकून म्हणजे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट.

बाळाजींचे घराणे देशमुखीचे होते. पण जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे गाव सुटले. चिपळूणकडे मिठागराच्या कामावर कारकुनी, मग देशावर येऊन पुणे प्रांताची व त्यानंतर दौलताबादेची सरसुभेदारी, असा त्यांचा प्रवास होता. महसूल, हिशेब आणि माणसे यांची त्यांना उत्तम जाण होती. घोड्यावर मात्र ते पक्के बसत नसत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला, तेव्हा पेशवेपद बहिरोपंत पिंगळे यांना मिळाले. पिंगळे घराणे शिवकालापासून त्या पदावर होते, म्हणून निवड रूढीप्रमाणे झाली. बाळाजी मागेच राहिले. घाईने बक्षीस वाटून मोकळे होण्याचा शाहूंचा स्वभाव नव्हता.

धनाजी त्याच वर्षी वारले आणि पुत्र चंद्रसेन सेनापती झाले. वडिलांच्या पदरचा कारकून छत्रपतींच्या खास मर्जीत असल्याचे त्यांना सलत होते. १७११ मध्ये शिकारीत एका हरणावरून उद्भवलेल्या कुरबुरीचे निमित्त झाले आणि चंद्रसेन बाळाजींच्या जिवावर उठले. बाळाजींनी पळून पांडवगडाचा आश्रय घेतला. त्यांना आमच्या हवाली करा, असा तगादा सेनापतींनी छत्रपतींकडे लावला.

शाहूंच्या पारखेची पहिली खरी परीक्षा येथे झाली. एका बाजूला फौजेचा धनी, तोही ज्याच्या वडिलांमुळे गादी मिळाली त्या घराण्यातला. दुसऱ्या बाजूला पळून आलेला एक कारकून. राज्य तीन वर्षांचे, खजिना रिकामा आणि ताराबाई पन्हाळ्यावर टपून बसलेल्या. कोणत्याही सावध राज्यकर्त्याने कारकून देऊन सेनापती राखला असता. शाहूंनी कारकून राखला. चंद्रसेन जाधव ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाच्या चाकरीत शिरले. रावरंभा निंबाळकरही अखेर निजामाच्याच पदरी दिसतात. हे नुकसान खरे होते. तलवारीची मोठमोठी घराणी त्या वर्षांत छत्रपतींपासून तुटली आणि पुढे अनेक रणांगणांवर समोर उभी राहिली. पण बाळाजींना सेनाकर्ते ही नवी पदवी देऊन नवी फौज उभारण्यास सांगण्यात आले, आणि त्यांनी सावकारांची कर्जे काढून ती उभारलीही.

त्यानंतर दोन वर्षांनी कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाकडून घाटावर आले आणि त्यांनी खुद्द पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. आता बाळाजींना पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. फौज घेऊन निघालेल्या या पेशव्याने लढाई केलीच नाही. कोकणातल्या जुन्या ओळखीच्या बळावर त्यांनी कान्होजींना शाहूंच्या बाजूस वळविले. किल्ले व सरखेलपद कान्होजींकडे कायम राहिले, पिंगळे सुटले आणि मराठ्यांचे आरमार एकही गोळा न उडता छत्रपतींचे झाले.

बाळाजींची सर्वांत मोठी कामगिरी १७१९ ची. सय्यद बंधूंशी करार करून ते मराठी फौजेसह दिल्लीस गेले आणि स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या बादशाही सनदा घेऊन परतले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या महसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर दहावा हिस्सा वसूल करण्याचा हक्क या सनदांनी मान्य केला. सनदांबरोबर एक माणूसही परत आले. येसूबाई तीस वर्षांनी आपल्या मुलखात आल्या. आपल्या पेशव्याने आपल्याला आई आणून दिली, ही गोष्ट शाहूंच्या मनात किती खोल गेली असेल, हे कोणत्याही सनदेत लिहिलेले नाही. पुढच्या वर्षीच्या निर्णयाकडे पाहताना ती ध्यानात ठेवावी लागते.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी सासवड येथे वारले. काही दिवसांतच, १७ एप्रिल रोजी, कऱ्हाडजवळ मसूर येथे शाहूंनी त्यांचे पुत्र बाजीराव यांना पेशवाईची वस्त्रे दिली. बाजीरावांचे वय होते एकोणीस. प्रतिनिधी श्रीपतराव आणि इतर मुत्सद्दी नाराज होते. पोरवयाच्या माणसाला एवढे पद का, आणि बापामागून मुलगा हा पायंडा का, असे दोन्ही आक्षेप रास्त होते. पहिला आक्षेप काळाने खोडून काढला. दुसरा तसा खोडता आला नाही.

बाळाजींची निवड सहा वर्षांच्या अनुभवानंतर झाली होती. बाजीरावांची काही दिवसांत झाली. तरी ती आंधळी नव्हती. हा मुलगा वडिलांबरोबर मोहिमांत फिरलेला होता, दिल्लीची स्वारी त्याने पाहिली होती आणि मोगल सत्ता आतून किती पोकळ झाली आहे हे त्याला ठाऊक होते. शाहूंना त्याच्यात जे दिसले ते त्यांच्या स्वतःच्या ठायी नव्हते. स्वतःच्या उणिवेची पुरती जाणीव असलेला राजा विरळा. शाहू शिकारीचे, बागांचे, माशांच्या गळांचे शौकीन. पोशाख साधा, स्वभाव शांत. शिकारीत प्राण वाचविणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याचा त्यांनी केलेला सन्मान साताऱ्याकडे आजही सांगितला जातो. असा राजा स्वतःसारखाच मवाळ माणूस जवळ करील, हे स्वाभाविक झाले असते. तसा माणूस दरबारात होताही. प्रतिनिधींचा सल्ला बहुधा सबुरीचा असे. शाहूंनी प्रतिनिधींना दूर केले नाही, पण कारभाराचे सुकाणू आपल्याहून वेगळ्या माणसाच्या हाती दिले.

या निवडीचा कस मराठवाड्याच्या भूमीवर लागला. १७२४ मध्ये जालन्यापासून फारशा दूर नसलेल्या साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेत आपले स्वतंत्र आसन मांडले. पुढे चौथाई द्यायची तर ती शाहूंना द्यायची की कोल्हापूरच्या संभाजींना, असा प्रश्न त्याने उपस्थित केला आणि छत्रपती कोण हे आपण ठरवू, अशी पंचाची भूमिका घेतली. वार मोठ्या कौशल्याचा होता. १७०७ ची जुनी जखम त्याने नेमकी हेरली होती. वीस वर्षे राज्य करणाऱ्या राजाने पुन्हा एकदा उमेदवार व्हावे आणि आपला हक्क परक्यापुढे सिद्ध करावा, असा हा डाव होता. निजामाशी गोडीगुलाबीने घ्यावे असे मानणारा पक्ष साताऱ्यात होता आणि शाहूंचा कलही काही काळ त्या बाजूला झुकला होता. अखेर त्यांनी बाजीरावांचे ऐकले.

बाजीरावांची योजना दरबाराच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. पुण्याचे रक्षण करीत न बसता निजामाच्याच मुलखात घुसायचे. म्हणून जालना, सिंदखेड, मग बुऱ्हाणपूरची हूल, खानदेश आणि थेट गुजरात. इकडे निजाम जड तोफखाना घेऊन पुणे प्रांतात शिरला आणि त्याने तेथे कोल्हापूरकर संभाजींना छत्रपती म्हणून पुढे केले. खुद्द शाहूंना चिमाजी आप्पांसह पुरंदरचा आश्रय घ्यावा लागला. पेशवा शेकडो कोसांवर, प्रतिस्पर्धी पुण्यात आणि स्वतः डोंगरी किल्ल्यावर, अशी ही स्थिती होती. पेशवा बदलण्यास किंवा निजामाशी पडेल त्या किमतीवर तह करण्यास याहून मोठे निमित्त कोणते हवे होते? शाहूंनी दोन्ही केले नाही.

बाजीराव औरंगाबादेकडे वळताच निजामाला पुणे सोडून मागे धावावे लागले. तोफा मागे पडल्या. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेड येथे त्याची फौज पाणी व रसद तोडून कोंडली गेली. मार्चमध्ये पैठणनजीक मुंगी-शेवगाव येथे तह झाला. निजामाने शाहूंना छत्रपती मान्य केले, चौथाई-सरदेशमुखी कबूल केली आणि संभाजींचा पक्ष सोडला. तीन वर्षांनी, १७३१ मध्ये, वारणेच्या तहाने साताराकर व कोल्हापूरकर यांच्या हद्दी ठरल्या. गादीचा वाद मिटला तो असा.

पण त्याच वर्षी निवडीची दुसरी बाजूही उघडी पडली. गुजरातच्या वाटणीवरून पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात वैर पेटले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभई येथे छत्रपतींच्याच दोन सेवकांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. सेनापती ठार झाले. शाहूंनी तळेगावी जाऊन उमाबाई दाभाडे यांचे सांत्वन केले, बाजीरावांना त्यांच्यापुढे नमते घ्यायला लावले आणि सेनापतिपद दाभाडे घराण्यातच ठेवले. राजा म्हणून हे वर्तन उमदे होते. मात्र त्या दिवसापासून पेशव्याला तोलून धरील असे दुसरे वजन दरबारात उरले नाही. समर्थ माणूस निवडणे शाहूंना साधले. त्याला मर्यादा घालणारी व्यवस्था त्यांना उभी करता आली नाही. व्यवस्थेचे काम ते स्वतःच्या प्रेमळ शब्दाने भागवीत, आणि ते हयात असेतो तो शब्द चालला.

बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे वारले. मागे कीर्ती होती आणि लाखो रुपयांचे कर्जही. नागपूरकर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बारामतीचे सावकार बाबूजी नाईक यांचे नाव पुढे केले. शाहूंनी जूनमध्ये बाजीरावांचे पुत्र बाळाजी, म्हणजे नानासाहेब, यांना वस्त्रे दिली. याही पेशव्याचे वय एकोणीसच. पहिल्या निवडीत पारख होती, दुसरीत धाडस होते, तिसरीत बराचसा परिपाठ होता. नानासाहेब कर्तबगार आणि हिशेबात चोख निघाले, हे खरे. परंतु आता पेशवेपद छत्रपतींच्या देण्यात राहिले नसून भट घराण्याचे वतन झाले आहे, हे सर्वांना कळून चुकले. रघूजी आणि पेशवे यांच्यातील झगडा १७४३ मध्ये शाहूंनीच समोर बसवून आणि मुलखांची वाटणी करून मिटविला. १७४७ मध्ये त्यांनी नानासाहेबांना थोड्या काळासाठी पदावरून दूरही केले. पण त्यांच्या जागी बसवावा असा माणूस तोवर शिल्लक नव्हता. वस्त्रे परत द्यावी लागली.

अखेरच्या वर्षांत प्रकृती खालावली. पुत्र नव्हता. सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्यांची घरातील तेढ दरबारात पोहोचली होती. वारस म्हणून कोल्हापूरच्या संभाजींना आणावे, तर आयुष्यभराचे वैर आड येत होते. अशा वेळी ज्या ताराबाईंनी १७०७ मध्ये त्यांना तोतया म्हटले होते, त्याच आता वृद्धपणी साताऱ्यात बसून सांगू लागल्या की, आपला एक नातू लपवून वाढविला आहे. तो रामराजा. आयुष्यभर माणूस पारखून घेणाऱ्या शाहूंनी या एका बाबतीत माणूस पाहण्याआधी शब्द मानला. मृत्यूपूर्वी त्यांनी स्वहस्ते दोन याद्या लिहून राज्याचा कारभार नानासाहेबांवर सोपविला आणि गादी रामराजाला चालवावी असे ठरविले. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे त्यांची समाधी आहे आणि तेथेच जवळ खंड्या कुत्र्याचीही.

जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर बसला. त्याच वर्षी सांगोल्यास झालेल्या व्यवस्थेने राज्याची सारी सूत्रे पेशव्यांकडे गेली. नोव्हेंबरात ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. नानासाहेब त्या वेळी निजामाच्या मुलखाकडील मोहिमेत गुंतले होते. मोहीम आटोपून ते परतले तेव्हा छत्रपती किल्ल्यात कैदेत होते आणि मराठी राज्याचा कारभार पुण्याहून चालू लागला होता.